कॅम्परव्हॅनने युरोप : दीर्घ प्रवासाच्या खर्चाचा मेळ

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा शौचालयाचीही सोय असलेल्या कॅम्परव्हॅनने युरोपात दीर्घकाळ फिरण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. सर्व हिशेब दोन माणसांचे आहेत आणि एक युरो म्हणजे सुमारे १०० रुपये असे धरले आहे. भाडे, डिझेल आणि मुक्काम यांचे आकडे अंदाजपत्रकासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष आरक्षणाच्या वेळी मिळणारा दर त्या जागी घालून बेरीज पुन्हा करावी.

प्रश्न : आम्ही दोघे साठीच्या पुढचे असून निवृत्त आहोत. मुलगा म्युनिकला नोकरी करतो. पुढच्या एप्रिलपासून अडीच महिने भाड्याच्या कॅम्परव्हॅनने जर्मनी, फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगाल पाहावे असा विचार आहे. हॉटेलचा खर्च नाही आणि स्वयंपाक घरचाच, त्यामुळे हा प्रवास स्वस्तात होतो असे मुलगा म्हणतो. किती रक्कम बाजूला काढावी? (नाशिक)

उत्तर : हॉटेलचा खर्च वाचतो हे खरे आहे, परंतु भाड्याची व्हॅन दारात नुसती उभी असली तरी तिचे भाडे रोज चढत राहते, आणि दीर्घ प्रवासात हीच रक्कम सर्वांत मोठी ठरते. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर रकमेपासून सुरू न करता दिवसांपासून सुरू करणे योग्य होईल.

आपण सांगितलेले चारही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, येतात. या क्षेत्रात आता २९ देश आहेत आणि भारतीय पर्यटकाला त्या सर्वांत मिळून कोणत्याही सलग १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. आपले ७५ दिवस या मर्यादेत बसतात. मात्र व्हिसावर प्रत्यक्ष किती दिवस मिळतील हे दूतावास ठरवतो आणि मागितलेले सगळे दिवस मिळतीलच असे नाही. त्यामुळे व्हिसा हाती येईपर्यंत व्हॅनचे आणि विमानाचे आरक्षण रद्द करता येण्याजोगेच ठेवावे, मग त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी चालतील. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. तो प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीचे व्हिसा शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुक्कामाचा पुरावा म्हणून व्हॅनच्या भाडेकराराबरोबर काही कॅम्पिंगची आरक्षणे जोडणे इष्ट.

आता मूळ योजनेप्रमाणे ७५ दिवसांचा हिशेब मांडू. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दोघांना पुरेशा व्हॅनचे दीर्घ मुदतीचे भाडे दिवसाला ८५ युरो धरले, तर ६,३७५ युरो होतात. अशी गाडी १०० किलोमीटरला सुमारे १० लिटर डिझेल घेते. ६,००० किलोमीटरसाठी ६०० लिटर, आणि लिटरला १.६५ युरो या दराने ९९० युरो. टोलसाठी ३५० युरो. मुक्काम कधी फुकट, कधी १२ युरोंत, कधी सोयींनी युक्त कॅम्पिंगमध्ये ३५ युरोंत होतो. सरासरी २० युरो धरून १,५०० युरो. घरचा स्वयंपाक आणि आठवड्यातून एखाद-दोन वेळा बाहेरचे जेवण मिळून दिवसाला २५ युरो, म्हणजे १,८७५ युरो. ट्राम, बस, संग्रहालये आणि किल्ले यांसाठी दिवसाला १२ युरो, म्हणजे ९०० युरो. गॅस आणि कपडे धुण्याची यंत्रे यांसाठी १५० युरो, मोबाइल डेटा ६० युरो, आणि अपघातात आपल्यावर येणारी रक्कम कमी करणाऱ्या जादा विम्याचे ४०० युरो. ही बेरीज १२,६०० युरो होते. त्यावर एक दशांश राखीव ठेवून १३,८६० युरो, म्हणजे सुमारे १३ लाख ८६ हजार रुपये. विमानभाडे, व्हिसा आणि भारतातून घ्यावयाचा विमा यांसाठी दोघांचे सव्वादोन लाख रुपये वेगळे धरावेत. एकूण सोळा लाखांची तयारी हवी.

या बेरजेत निम्मा वाटा केवळ भाड्याचा आहे. डिझेलचा वाटा एक दशांशाहूनही कमी आहे, तरी बहुतेक लोक सर्वांत जास्त काळजी डिझेलची करतात. म्हणून आपल्याला एक बदल आग्रहाने सुचवतो. पहिले आणि शेवटचे काही दिवस मिळून २५ दिवस मुलाकडे राहून जर्मनी रेल्वेने पाहावी, आणि व्हॅन उरलेल्या ५० दिवसांसाठीच, तीही फ्रान्सच्या दक्षिण भागातून किंवा स्पेनमधून घ्यावी. म्युनिकपासून लिस्बनपर्यंतचा रस्ता जवळजवळ अडीच हजार किलोमीटरचा आहे. तेथे जाऊन परत यायचे तर आपले ६,००० किलोमीटर केवळ जाण्यायेण्यातच बहुतांशी संपतील आणि कोकणकिनाऱ्याइतकाच रमणीय असा पोर्तुगालचा किनारा घाईघाईने पाहावा लागेल. २५ दिवसांचे भाडे आणि मुक्काम वाचल्याने २,६२५ युरो, म्हणजे अडीच लाखांहून अधिक रुपये, शिल्लक राहतात. जर्मनीत डॉइचलांड-तिकीट या मासिक पासावर देशभरातील प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे वापरता येतात. जानेवारी २०२६ पासून त्याचा दर महिन्याला ६३ युरो आहे. वेगवान आंतरशहरी गाड्यांना तो चालत नाही. हा पास वर्गणीच्या स्वरूपाचा असल्याने पुढचा महिना नको असल्यास चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत तो रद्द करावा लागतो, हे मुलाच्या लक्षात आणून द्यावे.

हाच प्रवास जुलै-ऑगस्टमध्ये केल्यास भाडे दिवसाला १५० युरोंवर सहज जाते आणि समुद्रकाठच्या कॅम्पिंगचे दरही जवळपास दुप्पट होतात. शाळकरी मुले बरोबर नसलेल्या माणसांनी या दोन महिन्यांत व्हॅन भाड्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाडेकरारातील काही कलमे दराइतकीच महत्त्वाची आहेत. रोज किती किलोमीटर मोफत आहेत, गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचे शुल्क किती, कोणत्या देशांत नेण्यास मनाई आहे आणि अनामत किती, हे लेखी विचारून घ्यावे. छताचे, गाडीच्या खालच्या बाजूचे, काचांचे आणि टायरचे नुकसान अनेक करारांत विम्याबाहेर असते. व्हॅनची उंची अडीच मीटरांहून अधिक असल्यामुळे वाहनतळाच्या उंची-दांड्याला छत घासण्याचे प्रसंग नवख्या चालकांवर येतात. उंचीचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चालकासमोर चिकटवून ठेवावा. गाडीचे अनुज्ञेय एकूण वजन ३,५०० किलोंपर्यंतच असावे, कारण युरोपातील साधा मोटारीचा परवाना सामान्यतः तेवढ्यासाठीच धरला जातो. मूळ भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्यावा; त्याची मुदत एक वर्ष असते.

टोलच्या बाबतीत आपला मार्ग सुदैवी आहे. जर्मनीत अशा गाडीला महामार्गावर टोल नाही. स्पेनमध्ये २०२० आणि २०२१ साली भूमध्य किनाऱ्यालगतच्या एपी-७ महामार्गाचा मोठा भाग टोलमुक्त झाला, आणि पोर्तुगालने १ जानेवारी २०२५ पासून अल्गार्व्हच्या ए-२२ सह अनेक महामार्गांवरील टोल उठवला. खर्च होतो तो फ्रान्समध्ये. तेथे टोल उंचीवर ठरतो : दोन मीटरपर्यंतच्या गाडीला पहिला वर्ग, दोन ते तीन मीटरपर्यंत दुसरा, आणि त्याहून उंच गाडीला तिसरा. उंच छताची व्हॅन दुसऱ्या वर्गात जाते, पण छतावर एखादा जादा एसी बसवलेली गाडी तीन मीटरची रेषा ओलांडत नाही ना, हे पाहून घ्यावे. फ्रान्सचे बिनटोलाचे राष्ट्रीय आणि जिल्हा रस्ते उत्तम आहेत आणि गावे त्यांच्याच कडेला आहेत. रोजची मजल दीडशे किलोमीटरच्या आत ठेवणाऱ्याला महामार्गाची गरज क्वचितच पडते. स्वित्झर्लंडमधून जाण्याचा मोह झाला, तर तेथे एका दिवसासाठीही ४० फ्रँकांचा वार्षिक टोल-परवानाच घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी श्टुटगार्टमध्ये ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांच्या नोकरीसाठीच्या निवास परवान्यावर) नोकरी करतो. दोघांनी एक वर्षाची विश्रांती घेऊन जुनी कॅम्परव्हॅन विकत घ्यावी, वर्षभर युरोप फिरावे आणि परत येऊन गाडी विकावी असे ठरवत आहोत. भाड्यापेक्षा हे परवडेल का? (श्टुटगार्ट)

उत्तर : पैशांच्या बाबतीत निश्चित परवडेल, परवानगीच्या बाबतीत मात्र अतिशय जपून पावले टाकावी लागतील.

आधी पैसे. समजा, फियाट डुकाटोवर बांधलेली, काही वर्षे वापरलेली व्हॅन आपण ३८,००० युरोंना घेतली आणि वर्षानंतर ती ३२,००० युरोंना विकली. घट ६,००० युरोंची झाली. विमा ८०० युरो, वाहनकर २५० युरो, आणि तपासणी, तेलबदल, टायर व किरकोळ दुरुस्ती मिळून १,५०० युरो धरले, तर वर्षाचा एकूण भार ८,५५० युरो होतो. दिवसाला हे साडेतेवीस युरोंच्या आत बसते. भाड्याच्या गाडीशी तुलना केली, तर सुमारे शंभर दिवसांच्या भाड्यात आपली स्वतःची गाडी वर्षभर चालते. मात्र ३८,००० युरो त्या काळात अडकून पडतात आणि नोकरी थांबलेली असते, म्हणून या रकमेपलीकडे किमान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असल्याशिवाय हा व्यवहार करू नये.

जुनी गाडी घेताना इंजिनापेक्षा घराच्या भागाकडे अधिक लक्ष द्यावे. जोडलेल्या भिंतींतून, खिडक्यांच्या कडांतून आणि छतावरील झरोक्यांतून पाणी आत मुरले असेल, तर आतील लाकूड कुजते आणि दुरुस्तीचा खर्च हजारो युरोंवर जातो. ओलावा मोजण्याचे यंत्र घेऊन येणाऱ्या तज्ज्ञाला दोनशे युरो द्यावे लागले, तरी ते द्यावेत. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते; कॅम्परव्हॅन वर्षातील बराच काळ उभी राहत असल्याने टायरची नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारे होते. सहा वर्षांवरचे टायर असतील, तर नव्या संचाची किंमत सौद्यात वजा करून मागावी. टाइमिंग बेल्ट कधी बदलला, गॅसजोडणीची द्वैवार्षिक तपासणी झाली आहे का आणि वाहनाच्या सक्तीच्या सुरक्षा-तपासणीची (टीयूव्ही) मुदत किती महिने शिल्लक आहे, हेही कागदावर पाहावे. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : ३,५०० किलोंच्या मर्यादेत प्रत्यक्ष सामानाला किती किलो उरतात ते वजनकाट्यावर मोजावे. पाण्याची भरलेली टाकी एकटीच १०० किलोंची असते, आणि जादा वजनाचा दंड स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियामध्ये जड पडतो.

आपण जर्मनीत नोंदणीकृत पत्त्यावर राहत असल्याने गाडी आपल्या नावावर करता येते. भारतातून आलेल्या पर्यटकाला ही सोय सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे ‘युरोपात जाऊन गाडी घ्या आणि परत येताना विका’ हा सल्ला भारतातील वाचकांनी आपल्याला लागू धरू नये. भारतीय परवान्यावर जर्मनीत स्थायिक झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. आपण दोघांनीही जर्मन परवाना काढलेला आहे ना, याची खात्री करावी. तो एकाकडेच असेल, तर वर्षभर सगळे चालवणे एकाच माणसावर पडेल.

आता अवघड भाग. जर्मन निवास परवान्यावर अन्य शेंगेन देशांतही आपल्याला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जर्मनीतील दिवस त्यात मोजले जात नाहीत. त्यामुळे ‘वर्षभर युरोप’ म्हणजे प्रत्यक्षात फ्रान्स, स्पेन, इटली, ग्रीस या सर्वांना मिळून दर सहामाहीत तीन महिने, आणि उरलेले तीन महिने जर्मनीत किंवा शेंगेनबाहेर. सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया हे बाल्कन देश या काळासाठी उत्तम आहेत. वैध शेंगेन व्हिसा वा निवास परवाना असलेल्यांना त्यांतील काही देश मर्यादित काळासाठी वेगळ्या व्हिसाविना प्रवेश देतात. नियम देशागणिक वेगळे असल्याने निघण्यापूर्वी त्या त्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावे. तेथे मुक्काम आणि जेवण पश्चिम युरोपाच्या मानाने बरेच स्वस्त असल्याने सक्तीचा हा वळसा अंदाजपत्रकाला उपकारकच ठरतो. गाडीच्या विम्याच्या ग्रीन कार्डावर (विमा परदेशातही लागू असल्याच्या दाखल्यावर) त्या देशाचे नाव खोडलेले नाही ना, ते पाहून मगच सीमा ओलांडावी.

याहून गंभीर बाब आपल्या निवास परवान्याची आहे. ब्लू कार्ड नोकरीशी बांधलेले असते. नोकरी सोडून जाणे आणि मालकाच्या संमतीने बिनपगारी रजा घेणे या दोहोंचे परिणाम वेगळे होऊ शकतात, आणि जर्मनीबाहेर दीर्घकाळ राहिल्यास परवाना रद्दही होतो. साध्या निवास परवान्यासाठी ही मुदत सहा महिन्यांची, तर ब्लू कार्डासाठी बारा महिन्यांची आहे. व्हॅन पाहण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. कायम निवास किंवा नागरिकत्व एक-दोन वर्षांवर आले असेल, तर प्रवास तेवढा पुढे ढकलावा, असे मी कळकळीने सांगेन. गाडी केव्हाही मिळेल, हुकलेली निवासाची वर्षे पुन्हा मोजावी लागतात.

आरोग्यविम्याचा हप्ता नोकरी थांबल्यावर आपल्याच खिशातून जातो आणि तो महिन्याला काही शे युरो असतो; तो वर्षाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावा. युरोपीय आरोग्य विमा कार्ड आपल्याला मिळते, पण युरोपीय संघाचे नागरिक नसलेल्यांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंड येथे वापरता येत नाही. नॉर्वेचे फ्योर्ड पाहायला निघताना वेगळा प्रवासविमा घ्यावाच लागेल.

प्रश्न : कॅम्परव्हॅनमध्ये रात्री कोठेही फुकट राहता येते, असे चित्रफितींत दिसते. मग मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात कशाला धरावा? (ठाणे)

उत्तर : चित्रफितींत सूर्योदय दिसतो, दंडाची पावती दिसत नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि एकाच देशातही गावागावांचे नियम बदलतात.

जर्मनीत थकलेल्या चालकाने पुढे गाडी चालवण्याइतकी विश्रांती मिळावी म्हणून वाहनतळावर एक रात्र काढणे मान्य आहे, पण बाहेर खुर्च्या-टेबल मांडले की ते कॅम्पिंग ठरते. क्रोएशियात ठरवून दिलेल्या जागेबाहेर रात्र काढण्यास मनाई आहे आणि हंगामात समुद्रकाठी पोलीस पहाटे फेरी मारतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये नियम कडक केले. संरक्षित क्षेत्रांत गाडीतून मुक्काम चालत नाही. स्वीडन-नॉर्वेतील प्रसिद्ध मुक्तसंचाराचा हक्क पायी हिंडणाऱ्या आणि तंबू ठोकणाऱ्या माणसासाठी आहे, मोटारगाडीला तो तसाच लागू होत नाही.

फुकट किंवा अत्यल्प दरात राहण्याची कायदेशीर सोय मात्र विपुल आहे, आणि तिच्यासाठीच मला या प्रवासपद्धतीविषयी प्रेम वाटते. फ्रान्समध्ये अनेक लहान गावांच्या नगरपालिकांनी कॅम्परव्हॅनसाठी ‘एर’ नावाचे तळ बांधले आहेत. काही फुकट असतात, बरेचसे १५ युरोंच्या आत. तेथे पिण्याचे पाणी भरता येते, सांडपाणी सोडता येते आणि कॅसेट शौचालय रिकामे करता येते. गावाचा हिशेब सरळ आहे : पाहुणा रात्री राहिला, तर सकाळी पाव, चीज आणि भाजी तो गावातच घेतो. आपणही हा अलिखित करार पाळावा आणि तळावर राहून सगळी खरेदी शहरातल्या मोठ्या दुकानातून आणू नये. जर्मनीत अशाच तळांना ‘श्टेलप्लाट्झ’ म्हणतात. ते बहुधा १० ते २० युरोंत मिळतात.

फ्रान्समध्ये १९९३ पासून ‘फ्रान्स पॅसिऑं’ नावाची योजना चालते. वार्षिक वर्गणी भरून तिचे सभासद झाले, की द्राक्षबागायतदार, चीज करणारे शेतकरी, मधुपालक आपल्या आवारात एक रात्र मोफत राहू देतात. खरेदीची सक्ती नसते, पण आल्यावर यजमानाला भेटून नमस्कार-चमत्कार करणे अपेक्षित असते. गाडीत शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असणे आवश्यक आहे. दोन महिने फ्रान्समध्ये काढणाऱ्याची वर्गणी दोन-तीन रात्रींतच वसूल होते.

तरीही मुक्कामाच्या रकान्यात शून्य लिहू नये. दर चार-पाच रात्रींनंतर एक रात्र नीट कॅम्पिंगमध्ये काढून अंघोळ, कपडे, बॅटरी आणि झोप यांची उसनवारी फेडावी लागते. हंगामाबाहेर एसीएसआयसारखी सवलत-कार्डे वापरल्यास हे मुक्काम बरेच स्वस्तात होतात. अनोळखी निर्जन जागी मनात शंका आली, तर रात्री दहा वाजताही निघून तीस युरोंच्या कॅम्पिंगमध्ये जाता यावे, एवढी रक्कम अंदाजपत्रकात असलीच पाहिजे. ती नसली की माणूस पैसे वाचवण्यासाठी धोका पत्करतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. भारतातून किती शिधा न्यावा? आणि व्हॅनमधील गॅस संपल्यावर भारतासारखे सिलिंडर बदलून मिळते का? (कोल्हापूर)

उत्तर : प्रथम काय नेता येत नाही ते पाहू. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. त्यामुळे साजूक तूप, पेढे, खवा आणि पनीर घरीच ठेवावेत. ताजी फळे-भाजी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. आंब्याची पेटी आणि ताजा कढीपत्ता सीमाशुल्क अधिकाऱ्याने टाकायला लावला, तर वाद घालता येणार नाही.

तांदूळ आणि डाळी नेऊन विमानाचे वजन वाया घालवू नये. मसूर, हरभरा आणि तांदूळ युरोपातील कोणत्याही सुपरबाजारात मिळतात, आणि मोठ्या शहरांत भारतीय किंवा तुर्की दुकानांत तूरडाळ व पीठही मिळते. न्यावे ते मसाले : गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हिंग, हळद, वाळवलेला कढीपत्ता. कांदा-लसूण मसाल्याचे पुडे दुहेरी बांधावेत, कारण व्हॅनमध्ये एकदा पसरलेला वास भाड्याची गाडी परत करताना स्वच्छतेचे जादा शुल्क लावायला पुरेसा ठरतो. लहान प्रेशर कुकर अवश्य न्यावा. डाळ-भात एकाच वेळी होतो आणि गॅस निम्म्याने लागतो.

दोघांचा आठवड्याचा किराणा व भाजी ७० ते ९० युरोंत बसते. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच खरेदी करावी. नाहीतर पेट्रोलपंपावरचे दूध आणि पाव दुप्पट किमतीत घ्यावे लागतात. बाहेर जेवायचे तर स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी मिळणारे ‘मेनू देल दीआ’ घ्यावे. दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड मिळून ते साधारण १२ ते १६ युरोंत होते. मासा किंवा मांस नको, हे आधी सांगावे लागते, कारण तेथे भाजीच्या सूपातही हॅमचे तुकडे असू शकतात.

गॅसचा प्रश्न आपण विचारला हे फार बरे केले. सिलिंडर आणि त्यांच्या जोडण्या देशागणिक वेगळ्या आहेत. जर्मन ११ किलोंचे सिलिंडर स्पेनमध्ये बदलून मिळत नाही. निळ्या रंगाचे कॅम्पिंगाझचे सिलिंडर जवळजवळ सर्वत्र मिळते, पण मोठ्या आकारातही त्यात पावणेतीन किलोच गॅस असल्याने किलोमागे ते महाग पडते. भाड्याची गाडी घेताना दोन भरलेली सिलिंडरे घ्यावीत. उन्हाळ्यात केवळ स्वयंपाकासाठी ११ किलो गॅस दोघांना महिनाभर सहज पुरतो. हिवाळ्यात हीटर गॅसवर चालत असेल, तर तेच सिलिंडर चार दिवसांतही संपू शकते. शिवाय ब्युटेन पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास वायुरूप होत नाही, म्हणून थंडीत प्रोपेनच लागतो.

कॅम्पिंगमध्ये वीजजोडणी घेतली, की गॅस वाचवावा असे वाटते. तेथे किती अँपिअरची जोडणी आहे ते आधी विचारावे. सहा अँपिअर म्हणजे जेमतेम १,३८० वॅट. घरगुती विजेची किटली किंवा इंडक्शन शेगडी लावताच फ्यूज उडतो, आणि काही ठिकाणी तो पुन्हा चालू करून घेण्यासाठी सकाळी कार्यालय उघडेपर्यंत थांबावे लागते. सुमारे ९०० वॅटची प्रवासी किटली पुरेशी आहे.

प्रश्न : एवढी रक्कम परदेशात कशी न्यावी? रोख, कार्ड की बँकेतून पाठवावी? (पुणे)

उत्तर : तिन्ही थोडे थोडे. व्हॅनचे भाडे आधी बँकेमार्फत किंवा कार्डाने भरावे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली) एका व्यक्तीने आर्थिक वर्षात १० लाख रुपयांहून अधिक रक्कम प्रवासखर्चासाठी पाठवल्यास वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ गोळा केलेला कर) कापला जातो. तो प्राप्तिकरात वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो, परंतु तोपर्यंत ती रक्कम हाताशी नसते. पती-पत्नी दोघांची स्वतंत्र खाती आणि स्वतंत्र पॅन असतील, तर प्रत्येकाने आपापला खर्च आपल्या खात्यातून केल्यास ही मर्यादा बहुधा ओलांडली जात नाही.

रोजच्या खर्चासाठी परकीय चलनावर कमी अधिभार असलेले कार्ड घ्यावे. अनेक साध्या कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर जीएसटी वेगळा. १२ लाखांच्या खर्चावर ही रक्कम चाळीस हजारांच्या पुढे जाते, म्हणजे तीन आठवड्यांच्या मुक्कामाचा खर्च. दुकानातील यंत्राने ‘रुपयांत भरणार की युरोंत?’ असे विचारले, तर नेहमी युरो निवडावे, कारण रुपयांचा दर दुकानदाराची बँक ठरवते आणि तो आपल्याला महाग पडतो. अनामतीसाठी मात्र चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर १,५०० ते २,५०० युरो अडकवून ठेवले जातात. ही मर्यादा इतर खर्चासाठी उपलब्ध राहत नाही, म्हणून दुसरे कार्ड बरोबर असावे.

रोख दोन-तीनशे युरोंपेक्षा अधिक बाळगू नये. परंतु एक आणि दोन युरोंची नाणी जमवत राहावीत. तळावरील पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि कपडे धुण्याची यंत्रे बऱ्याच ठिकाणी अजून नाण्यांवरच चालतात. इटलीत जुन्या शहरांच्या मर्यादित-वाहतूक क्षेत्रात चुकून शिरल्यास दंड कित्येक महिन्यांनी येतो आणि भाडे-कंपनी त्यावर आपले हाताळणी शुल्क लावून तो कार्डावर टाकते. म्हणून इटलीत गाडी नेणार असाल, तर परत आल्यावरही वर्षभर ते कार्ड बंद करू नये आणि राखीव रकमेतील दोनशे युरो तसेच ठेवावेत.